दृक्-परीक्षा दृष्टिपटलापर्यंत पोहोचावी

अष्टविध परीक्षेत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श आणि आकृती यांच्या बरोबरीने दृक्-परीक्षेला स्थान देऊन आपल्या परंपरेने रोगनिदानातील नेत्राचे महत्त्व मान्य केले आहे. आपण सर्वजण ही परीक्षा नित्य करतो. पापणी खाली ओढून पांडुता पाहतो, शुक्लमंडलावर कामलेची पीतता आहे काय ते पाहतो, डोळ्यांची रुक्षता, स्राव, लाली यांची नोंद घेतो आणि रुग्णपत्रावर ‘दृक् : प्राकृत’ असे लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. परंतु ज्या ठिकाणी दर्शनकर्म प्रत्यक्ष घडते, तो भाग डोळ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर असतो. तो उघड्या डोळ्यांनी बाहेरून दिसत नाही, दुखत नाही आणि बिघडला तरी पुष्कळ काळपर्यंत रुग्णाला त्याची जाणीव करून देत नाही. तो भाग म्हणजे दृष्टिपटल.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, आजच्या काळात, विशेषतः प्रमेहाच्या रुग्णात, दृष्टिपटल पाहिल्यावाचून दृक्-परीक्षा पूर्ण झाली असे मानू नये. ते आपण स्वतः पाहिले पाहिजे असा आमचा आग्रह नाही. ते कोणीतरी जाणकाराने पाहिले आहे, याची खात्री मात्र आपण करून घेतली पाहिजे. या म्हणण्यामागची कारणे वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधी दुकाने चालविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांपुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

‘पडदा’ या शब्दाचा घोळ

आपल्याकडे येणारा रुग्ण ‘डोळ्यावर पडदा आलाय’ असे सांगतो. कधी त्याला मोतीबिंदू म्हणायचा असतो, कधी बुबुळावर वाढलेले वेल म्हणायचे असते, तर कधी नुसते धुरकट दिसणे म्हणायचे असते. दुसरा रुग्ण ‘डॉक्टरांनी पडदा खराब झालाय म्हणून सांगितलं’ असे म्हणतो. त्या वेळी तो दृष्टिपटलाविषयी बोलत असतो. ‘पडदा सरकला’ म्हणणाऱ्याचे दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटलेले असते. शब्द एकच, पण मोतीबिंदूत गेलेली दृष्टी शस्त्रकर्माने बहुधा परत मिळते आणि दृष्टिपटलाच्या विकारात गेलेली दृष्टी पुष्कळदा परत मिळत नाही. म्हणूनच ‘पडदा’ हा शब्द कानी पडताच ‘कोणता पडदा, कोणी तपासला आणि केव्हा?’ हे तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. हे प्रश्न दुकानाच्या काउंटरवरही तितकेच उपयोगी आहेत.

रचना

नेत्रगोलकाची भिंत तीन थरांची आहे. बाहेर श्वेतपटल, मध्ये रक्तवाहिन्यांनी समृद्ध असे रंजितपटल आणि सर्वांत आत दृष्टिपटल. दृष्टिपटलाची जाडी मिलीमीटरच्या एकदशांशापासून साधारण एकतृतीयांशापर्यंत असते आणि ते संपूर्ण पसरले तरी टपालाच्या तिकिटाहून फार मोठे होणार नाही. एवढ्याशा जागेत शारीरशास्त्रज्ञ दहा थर मोजतात.

गर्भावस्थेत दृष्टिपटल मेंदूच्या अग्रभागातून बाहेर आलेल्या एका फुगवट्यापासून तयार होते. पुढे तो फुगवटा आत दबून दुहेरी भिंतीचा पेला बनतो. पेल्याच्या बाहेरच्या भिंतीपासून रंगद्रव्ययुक्त पेशींचा एकेरी थर होतो आणि आतल्या भिंतीपासून संवेदनशील दृष्टिपटल होते. म्हणजे दृष्टिपटल हा मेंदूचाच पुढे आलेला अंश होय. या दोन भिंती आयुष्यभर एकमेकींना लागून असतात, पण घट्ट चिकटलेल्या नसतात. दृष्टिपटल सुटते ते याच फटीतून, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे बरेच काही उलगडते.

प्रकाशाचे ग्रहण करणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या आहेत. दंडपेशी सुमारे ९ ते १२ कोटी असून त्या मंद प्रकाशात काम करतात. शंकुपेशी सुमारे ४५ ते ६० लाख असून त्या उजेडात, रंगज्ञानासाठी आणि सूक्ष्म दर्शनासाठी उपयोगी पडतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू आहे आणि त्याच्याही मध्याशी सुमारे दीड मिलीमीटर व्यासाचा खळगा आहे. खळग्याच्या तळाशी केवळ शंकुपेशी दाटीने उभ्या असतात. तिथे रक्तवाहिन्या नसतात आणि प्रकाशाच्या वाटेत येणारे वरचे थरही बाजूला सरलेले असतात. पोथीतील अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सर्व कामे या चिमुकल्या जागेच्या आधारावर चालतात. त्यामुळे संपूर्ण दृष्टिपटल निरोगी असून केवळ पीतबिंदूला सूज आली, तरी रुग्ण चालता-फिरता असून वाचू शकत नाही. उलट, कडेचे बरेचसे दृष्टिपटल बिघडूनही पीतबिंदू शाबूत असला, तर तो तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवितो. चष्म्याचा नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले, हा समज किती अपुरा आहे ते यावरून लक्षात येईल.

रक्तपुरवठ्याची व्यवस्थाही दुहेरी आहे. आतल्या दोन-तृतीयांश भागाला दृष्टिपटलाच्या मध्यवर्ती धमनीकडून आणि बाहेरच्या एक-तृतीयांश भागाला रंजितपटलाकडून पोषण मिळते. वजनाच्या मानाने शरीरात सर्वाधिक प्राणवायू लागणाऱ्या ऊतींमध्ये दृष्टिपटलाची गणना होते. रक्तपुरवठा क्षणभर अडला तरी त्याला झळ पोहोचते, ती यामुळेच.

कार्य

प्रकाश डोळ्यात शिरल्यावर आधी दृष्टिपटलाचे आतले थर ओलांडतो आणि मग मागे असलेल्या दंड-शंकुपेशींपर्यंत पोहोचतो. दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे द्रव्य असते. ते एक प्रथिन आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल नावाचा अंश यांच्या संयोगाने तयार होते. प्रकाशाचा कण पडताच या अंशाची वाकलेली आकृती सरळ होते आणि त्यातून रासायनिक क्रियांची मालिका सुरू होते. विशेष असे की, दंडपेशी अंधारात सतत संदेश सोडत असतात आणि प्रकाश पडताच तो संदेश कमी करतात. पुढच्या पेशी या बदलाचा अर्थ लावतात, तुलना करतात आणि सुमारे १० ते १२ लाख तंतूंच्या दृष्टिमज्जातंतूवाटे निवडक माहिती मेंदूकडे पाठवितात. दहा कोटींची आवक आणि दहा लाखांची पाठवणी! एवढी गाळणी डोळ्यातच होते.

सरळ झालेला ‘अ’ जीवनसत्त्वाचा अंश पुन्हा वाकवून देण्याचे काम मागचा रंगद्रव्ययुक्त थर करतो. दंड-शंकुपेशींची झिजलेली टोके गिळून टाकण्याचे कामही तोच रोज करतो. ‘अ’ जीवनसत्त्वाचे दृष्टीतील हे कार्य उलगडून दाखविणारे जॉर्ज वॉल्ड हे १९६७ च्या नोबेल पारितोषिकाच्या तीन मानकऱ्यांपैकी एक होते. येथे सुश्रुतसंहितेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. नक्तांध्याच्या चिकित्सेत सुश्रुताने पिप्पलीसह शेळीच्या यकृताचा उपयोग सांगितला आहे आणि शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा मुख्य साठा यकृतातच असतो. हे साम्य अभिमानास्पद आहे. पण रातांधळेपणाची सर्वच कारणे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाची नसतात. दंडपेशींचा आनुवंशिक ऱ्हास झालेल्या तरुणातही पहिले लक्षण रातांधळेपणाच असते आणि त्याच्या दृष्टिपटलावर रंगद्रव्याचे काळे ठिपके पसरलेले दिसतात. दोघांना एकाच नावाखाली एकच औषध देणे हे सुश्रुताच्या निदानपद्धतीलाही धरून होणार नाही.

आणखी एक गोष्ट चिकित्सकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. दृष्टिपटलाला वेदना नाही. त्यावर रक्त सांडले, ते फाटले वा सुटले, तरी ते दुखत नाही. ‘डोळा दुखत नाही ना, मग काळजी नको’ असा दिलासा आपल्याकडून सहज दिला जातो. दृष्टिपटलाच्या बाबतीत तो दिलासा धोक्याचा आहे.

पटलविचार आणि ओढाताण

सुश्रुताने उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली. पाच मंडले, सहा संधी आणि सहा पटले अशी नेत्राची रचना सांगून, त्यांपैकी चार पटलांत तिमिराचा क्रमाने प्रवेश आणि शेवटी लिंगनाश वर्णिला. दृष्टीचे प्रमाण मसुराच्या डाळीएवढे सांगितले. आता ही ‘दृष्टी’ म्हणजे बाहुली, भिंग की दृष्टिपटल, आणि चौथे पटल म्हणजे नेमके काय, यावर आपल्या परिषदांमधून वर्षानुवर्षे निबंध वाचले जात आहेत. मराठीत ‘दृष्टिपटल’ ही संज्ञा शालेय पुस्तकांतून रूढ झाल्यामुळे तर गोंधळात भरच पडली. संज्ञा संस्कृत आहे म्हणून तिचा अर्थ संहितेतलाच असला पाहिजे असे पुष्कळांना वाटू लागले.

आमच्या मते ही ओढाताण निष्फळ आहे. संहिताकारांनी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आतला भाग पाहण्याचे साधन हाती नसताना, केवळ लक्षणांच्या क्रमावरून रोगाची खोली ठरविली. पुढे जाणारा रोग अधिकाधिक खोल आणि दुःसाध्य होत जातो, हा त्यांचा सिद्धांत आजही खरा आहे. बाहुलीतून आत प्रकाश टाकून दृष्टिपटल पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर जे दिसले ते सुश्रुताला दिसलेच होते असा हट्ट धरणे हा सुश्रुताचा गौरव नव्हे. आलोचक पित्ताचे स्थान दृष्टी, हे सूत्र अध्यापनात जरूर असावे. पण समोर बसलेल्या प्रमेही रुग्णाच्या पीतबिंदूला सूज आहे की नाही, हे त्या सूत्राने कळत नाही. ते पाहावे लागते.

प्रमेही रुग्ण आणि आपण

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या व्यापक पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका बहुराज्यीय पाहणीत ४० वर्षांवरील मधुमेहींपैकी १२.५ टक्के, म्हणजे आठांत एकाच्या दृष्टिपटलावर मधुमेहाच्या खुणा आढळल्या आणि ४ टक्के रुग्णांत त्या दृष्टीला धोका पोहोचविणाऱ्या पायरीवर होत्या. हे रुग्ण कोठे आहेत? त्यांतील कितीतरी आपल्या दवाखान्याच्या बाकावर बसलेले आहेत. कोणी साखरेसाठी, कोणी पायांच्या जळजळीसाठी, कोणी मलावष्टंभासाठी आलेला आहे. डोळ्यांसाठी मात्र कोणी आलेला नाही, कारण त्याला अजून स्पष्ट दिसते आहे.

रोगाचा क्रम असा. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात व जागोजागी फुगतात. त्यांतून द्रव आणि मेद झिरपतो; तो पीतबिंदूजवळ साचला की वाचन बिघडते. दुसरीकडे काही केशवाहिन्या बंद पडून दृष्टिपटलाचा तो तो भाग उपाशी राहतो. उपाशी भाग नव्या वाहिन्या वाढविणारे द्रव्य सोडतो. या नव्या वाहिन्या नाजूक असतात. त्या फुटून काचाभ द्रवात रक्त पसरते, किंवा त्यांच्याबरोबर वाढलेले तंतू आकसून दृष्टिपटल ओढून काढतात. रुग्णाला पहिल्यांदा कळते ते बहुधा या शेवटच्या पायरीवर.

या मार्गावर अडविण्याचे उपाय आज उपलब्ध आहेत. लेझर उपचाराने पुढच्या पायरीवरील रुग्णांत तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने १९७६ सालीच दाखविले. नव्या वाहिन्या वाढविणाऱ्या द्रव्याला रोखणारी इंजेक्शने गेल्या दोन दशकांत आली आणि पीतबिंदूच्या सुजेत गेलेली दृष्टी काही अंशी परत मिळू लागली. पण हे सर्व वेळेवर गेलेल्यासाठी आहे.

आमच्या परिचयातील एक उदाहरण सांगतो. चौपन्न वर्षांच्या एका शिक्षकांना बारा वर्षांचा मधुमेह. जवळचे अंधुक दिसू लागले म्हणून त्यांनी एका दुकानातून ‘डोळ्यांची शक्ती वाढविणारे’ घृत आणि थेंब आणले. दुकानदाराने त्यांना मधुमेहाविषयी विचारले नाही. आठ महिने त्यांनी ते श्रद्धेने घेतले. एके सकाळी उजव्या डोळ्यासमोर काळे जाळे उतरले आणि दुपारपर्यंत दिसेनासे झाले. तपासणीत दोन्ही डोळ्यांत नव्या वाहिन्यांची वाढ आढळली. डावा डोळा लेझरने राखता आला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊनही त्या डोळ्याने ते आज वाचू शकत नाहीत. घृताने त्यांचा डोळा बिघडविला असे आम्ही म्हणत नाही. घृताने त्यांचे आठ महिने घेतले, आणि तेच आठ महिने उपचाराचे होते.

म्हणून प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहाचे निदान झाले त्याच वेळी, आणि त्यानंतर दरवर्षी, बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी व्हावी. निदानाच्या दिवशीच कशासाठी, असे रुग्ण विचारतो. निदान आज झाले असले तरी रोग काही वर्षे आधीपासून मुरत असतो, हे त्याचे उत्तर. लहान वयात इन्शुलिनवर असलेल्यांत ही तपासणी पाच वर्षांच्या आत सुरू करावी. आधीपासून मधुमेह असलेली स्त्री गर्भवती झाल्यास पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करून घ्यावी, कारण गर्भारपणात हा विकार वेगाने वाढू शकतो. तपासणीनंतर काही तास अंधुक दिसते. त्यामुळे बरोबर कोणाला तरी न्यावे आणि स्वतः वाहन चालवू नये, हे आपणच रुग्णाला आधी सांगून ठेवावे. पुष्कळ रुग्ण तपासणी टाळतात ती या गैरसोयीच्या धास्तीने.

आपल्याच चिकित्सेशी निगडित चार सूचना

पहिली सूचना पंचकर्माविषयी. वमनात येणाऱ्या जोराच्या वेगांनी डोक्याकडील शिरांतील दाब एकदम वाढतो आणि अशा जोराने दृष्टिपटलावर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ज्याच्या दृष्टिपटलावर आधीच नाजूक नव्या वाहिन्या आहेत, त्याला वमन देणे म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे होय. प्रमेही रुग्णाला वमन योजण्यापूर्वी दृष्टिपटलाचा अहवाल पाहावा. शीर्षासनात नेत्रांतर्गत दाब सुमारे दुपटीपर्यंत वाढतो. तेव्हा काचबिंदूच्या आणि अशा रुग्णांना ते सांगू नये.

दुसरी सूचना आमवाताविषयी. आपल्याकडे येणाऱ्या संधिविकाराच्या रुग्णांपैकी अनेकजण दुसरीकडून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत असतात. हे औषध वर्षानुवर्षे घेतल्यास पीतबिंदूभोवती कायमची इजा होऊ शकते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी असा संकेत आहे आणि वृक्काचा विकार असल्यास ती त्याआधीच सुरू करावी लागते. ‘डोळ्यांचा पडदा तपासला का?’ एवढे विचारणे आपल्याला सहज शक्य आहे.

तिसरी सूचना त्राटकाविषयी. दिव्याच्या ज्योतीवरील त्राटक वेगळे आणि सूर्याकडे टक लावून पाहणे वेगळे. सूर्याच्या प्रखर प्रकाशाने पीतबिंदूच्या पेशी जळतात आणि दृष्टीच्या मध्यभागी कायमचा डाग राहू शकतो. सूर्याकडे पाहण्याने चष्मा सुटतो असे सांगणाऱ्यांना वैद्यांनी उघडपणे विरोध करावा.

चौथी सूचना सूतिकापरिचर्येशी संबंधित आहे. अकाली जन्मलेल्या बालकाच्या दृष्टिपटलावरील वाहिन्यांची वाढ अपुरी राहिलेली असते आणि पुढे ती वेडीवाकडी होऊन अंधत्व येऊ शकते. आपल्या देशातील संकेतानुसार ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. बाळाला अभ्यंग करण्यासाठी सल्ला मागायला आलेल्या आजीला हा प्रश्न आपण विचारला, तर एक आयुष्य उजळू शकेल.

औषधी विक्रेत्या बंधूंना विनंती

डोळ्यात घातलेल्या थेंबांचा बहुतांश भाग अश्रूंबरोबर वाहून जातो. उरलेला अंश डोळ्याच्या पुढच्या भागात काम करतो. दृष्टिपटलापर्यंत त्याचा उपयुक्त अंश क्वचितच पोहोचतो. शिवाय दृष्टिपटलाच्या वाहिन्यांच्या भिंती मेंदूतील वाहिन्यांप्रमाणे द्रव्यांना सहज आत येऊ देत नाहीत. त्यामुळे ‘पडद्याच्या विकारावर थेंब’ अशी विक्री शास्त्राला धरून नाही. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ च्या अनुसूचीत अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेह यांचा समावेश आहे. हे रोग बरे करण्याची जाहिरात दुकानाच्या फलकावर लावणे कायद्यानेही निषिद्ध आहे, हे ध्यानात असावे.

आपल्या दुकानात येणारा ग्राहक वैद्याकडे जाण्याआधी आपल्याकडे येतो. त्याच्यापाशी पुढीलपैकी एक जरी लक्षण असेल, तर औषध न देता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागणे. अंधारातही विजेसारखे चमकणे. एका बाजूने सावली किंवा पडदा सरकत येणे. एका डोळ्याची दृष्टी एकाएकी जाणे. सरळ रेषा वाकड्या दिसणे. यांतील एकाएकी दृष्टी जाण्याच्या प्रसंगी दृष्टिपटलाची धमनी बंद झालेली असू शकते. तेथे काही तासांतच कायमची हानी होते आणि तोच झटका उद्या मेंदूला येण्याचा संभव असतो. तेव्हा रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयातच धाडावे. रेषांची परीक्षा तर दुकानातही करता येईल. एक डोळा झाकून समोरच्या फरशीच्या किंवा खिडकीच्या गजांच्या रेषा पाहायला सांगाव्यात, मग दुसरा डोळा झाकून. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्या माणसाला एका डोळ्याचा बिघाड महिनोन् महिने कळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दोन आक्षेप

आमचे काही सहकारी म्हणतात, ‘रुग्ण एकदा तिकडे पाठविला की परत येत नाही.’ हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याची टर उडविण्याचे कारण नाही. लहान गावातील वैद्याचा संसार त्याच रुग्णांवर चालतो. पण आमचा अनुभव निराळा आहे. चिठ्ठी लिहून, कशासाठी पाठवीत आहोत ते नमूद करून आणि अहवाल घेऊन परत येण्याचा दिवस ठरवून पाठविलेला रुग्ण परत येतो. ‘ह्यांनी माझा डोळा वाचवला’ असे गावात सांगतो. न पाठविल्यामुळे दृष्टी गेलेला रुग्ण मात्र खरोखरच परत येत नाही आणि त्याचे कुटुंबही येत नाही.

दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे. ‘शालाक्यतंत्र आपले असताना दुसऱ्याकडे का पाठवावे?’ याचे उत्तर चरकाने देऊन ठेवले आहे. गुल्म पक्व झाला की तो धन्वंतरी-संप्रदायाच्या शस्त्रवैद्यांचा अधिकार, असे त्याने स्पष्ट सांगितले. नेत्ररोगांचा विस्तारही दुसऱ्या तंत्राचा विषय म्हणून त्याने टाळला. आपली मर्यादा ओळखून रुग्ण योग्य हाती सोपविणे ही आपल्याच शास्त्राची शिस्त आहे. ती पाळल्याने आपले काम कमी होत नाही. आहार, विहार, औषधांचे सातत्य, रक्तदाब, निद्रा, तंबाखू यांवर रुग्णाशी वर्षानुवर्षे बोलत राहण्याचे जे काम आहे, ते दृष्टिपटलतज्ज्ञ करू शकत नाही. त्याला तेवढा वेळ नसतो. साखर आणि रक्तदाब ताब्यात राहिले तर दृष्टिपटलाची हानी मंदावते, हे निर्विवाद आहे. येथे मात्र एक सावधगिरी हवी. बरीच वर्षे वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली, तर आधीपासून असलेला दृष्टिपटलविकार काही काळ वाढू शकतो. तेव्हा कडक पथ्य सुरू करतानाही तपासणी आधी आणि पथ्य नंतर हा क्रम असावा.

काय करता येईल

आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो. प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णपत्रावर दृक्-परीक्षेच्या रकान्याखाली आणखी एक ओळ छापून घ्यावी : ‘दृष्टिपटल तपासणी – दिनांक, निष्कर्ष, पुढील दिनांक.’ रिकामी ओळ डोळ्यांना टोचते आणि टोचली की ती भरली जाते. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील एका दृष्टिपटलतज्ज्ञाशी बोलून वर्षातून एकदा प्रमेही रुग्णांसाठी शिबिर घ्यावे. आता बाहुली मोठी न करताही दृष्टिपटलाचे छायाचित्र घेणारे कॅमेरे उपलब्ध असल्याने एका सकाळी पुष्कळ रुग्णांची प्राथमिक छाननी होऊ शकते. प्रत्येक दुकानदाराने वर सांगितलेली पाच लक्षणे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून काउंटरजवळ लावावीत.

दृष्टिपटल ही शरीरातील अशी एक जागा आहे की, जिथे सूक्ष्म रक्तवाहिन्या कातडी न कापता प्रत्यक्ष पाहता येतात. वाढलेला रक्तदाब, पांडुता, काही रक्तविकार आणि मस्तकातील वाढलेला दाब यांची चिन्हे दृष्टिपटलावर व दृष्टिमज्जातंतूच्या मुखाशी उमटतात. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांवर ज्या शास्त्राचा पाया उभा आहे, त्याने दर्शनाची ही खिडकी बंद ठेवावी, हे आम्हांस पटत नाही. पुढचा प्रमेही रुग्ण नाडी दाखविण्यासाठी हात पुढे करील, तेव्हा नाडी अवश्य पाहावी आणि हात सोडण्यापूर्वी त्याला विचारावे, ‘डोळ्यांचा मागचा पडदा शेवटचा केव्हा तपासला होतात?’